पट्टा बांधलेला सात

फोटो मी बघत होतो ते वायरींच्या एका जुडग्यासाठी. इंजिन आणि माणसांची बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, ज्याला आम्ही फायरवॉल म्हणतो, त्याच्या कुठल्या भोकातून ते जुडगं आत जातं हे मी साफ विसरलो होतो. चार वर्षांपूर्वी गाडी खोलायला घेतली तेव्हा एकेक स्क्रू काढण्याआधी फोटो काढला होता. आधी फोटो, मग फडकं, हा जुन्या गाड्या पुन्हा नव्या करायच्या आमच्या या वेडातला पहिला नियम, आणि नियम पाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही. फोनमध्ये दोन हजारांच्या आसपास फोटो आहेत. गॅरेजमधल्या स्टुलावर बसून ते सरकवत गेलो, हवा तो सापडला, दोन बोटांनी मोठा केला. भोक दिसलं. भोकाच्या खाली वीतभर अंतरावर, पन्नास वर्षांच्या तेलकट काजळीतून, पिवळ्या मेणखडूने लिहिलेला एक आकडाही दिसला. सत्तेचाळीस. चार उघड्या तोंडाचा. इंग्रजी सात, म्हणजे वर एक आडवी रेघ, तिच्या टोकापासून खाली उतरलेली एक तिरपी, आणि त्या तिरप्या रेघेच्या कमरेवर बांधलेला आखूड पट्टा. मी पुढचा फोटो उघडला. त्यात तोच पत्रा, तेच भोक, आणि बाकी सगळं लख्ख. फोटोंवर वेळ असते. पहिला दहा वाजून बारा मिनिटांचा, दुसरा दहा तेवीसचा. मधल्या अकरा मिनिटांत मी थिनरमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन तो पत्रा पुसला होता. शीळ घालत पुसला असणार, कारण साफ करताना मी नेहमी शीळ घालतो.

वडिलांना आम्ही घरात ताता म्हणत असू. पोलिश घरांतून तसंच म्हणतात. झिग्मुंट गोर्चित्सा. लढाईनंतर चार वर्षं जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत काढून ते एकोणपन्नास साली इथे, अमेरिकेत, पॉन्टियाकला आले आणि गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या कारखान्यात चिकटले ते अठ्ठ्याहत्तर साली निवृत्त होईपर्यंत. ते तपासनीस होते. बॉडी समोर आली की तिच्या पत्र्यावरून तळहात फिरवायचा, पोचा किंवा उंचवटा लागला तर त्याभोवती पिवळा गोल काढायचा, काही नसलं तर ठरलेल्या जागी आपला नंबर टाकायचा. त्यांचा नंबर सत्तेचाळीस. घरीसुद्धा त्यांचा तळहात तसाच चालायचा. दाराच्या चौकटीवरून, पावाच्या पाठीवरून, ताप आला की माझ्या कपाळावरून. कपाळावर हात ठेवून ते डोळे मिटत आणि तोंड जरा वाकडं करत, आणि मला वाटे, आता हे खिशातून खडू काढणार. खडूंचे झिजलेले तुकडे ते आम्हा भावंडांसाठी घरी आणत. दुसरा रंगच मिळायचा नाही. माझ्या लहानपणीची सगळी चित्रं त्यामुळे पिवळी आहेत. सूर्य पिवळा ते ठीक, पण गायही पिवळी आणि आईही.

त्या दिवशी दुपारी मी बहिणीला फोन केला. स्टाशा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, टोलेडोला असते. ताताच्या हातचं काही तुझ्याकडे आहे का, असं विचारलं. काहीही, एखादं पत्र, यादी, फोटोमागे लिहिलेली तारीख. ती म्हणाली, "लेन, तूच तर सगळं फेकलंस." ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, ती फक्त आठवण करून देत होती. ताता एक्याऐंशी साली गेले तेव्हा ती बाळंतपणात अडकली होती आणि घर रिकामं करायचं माझ्यावर आलं. मी दोन दिवसांत रिकामं केलं. कचऱ्याची मोठी पेटी दारात मागवली आणि भरली. शेजारीपाजारी माझं कौतुक करत होते, काय पोरगा आहे, दोन दिवसांत घर आरशासारखं केलं. मलाही माझा अभिमान वाटला होता. मी साफ करणारा माणूस आहे. कोरिन, माझी बायको, असेपर्यंत म्हणायची की तू जेवायला बसलास की मला ताट धरून ठेवावं लागतं, नाहीतर घास तोंडात असताना उचलून धुवायला नेशील. तिला जाऊन सहा वर्षं झाली. गॅरेजमध्ये तिच्या गाडीच्या जागी आता ही उभी आहे, एकोणसत्तर सालची जीटीओ. ओहायोतल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात कोंबड्यांच्या विष्ठेखाली सापडली. अठरा वर्षांचा होतो तेव्हा हिच्या मागे मान वळवून वळवून दुखवून घेतली होती, तेवढ्याच जुन्या हौसेपायी घेतली. ही ताताच्या हाताखालून गेलेली असेल असा विचार मनाला शिवला नव्हता. तासाला साठ बॉड्या जायच्या त्यांच्यासमोरून.

पट्ट्याच्या सातामुळे मला पहिल्यांदा लाज वाटली ती नवव्या वर्षी. ताता मला गणितं शिकवत, पोलंडमध्ये लिहितात तसा साताला पट्टा बांधत, आणि त्यांचं बघून मीही बांधत असे. शाळेतल्या बाईंनी एकदा वहीतल्या सगळ्या सातांभोवती लाल गोल काढले आणि खाली लिहिलं की आपल्याकडे असं लिहीत नाहीत. उत्तरं सगळी बरोबर होती. जेवणाच्या टेबलावर मी ती वही ताताच्या पुढ्यात आपटली आणि तेच वाक्य त्यांना ऐकवलं, बाईंच्या आवाजात. इथे असं लिहीत नाहीत. त्यांनी कोबीचा घास गिळला, वही जवळ ओढली, लाल गोलांवरून तळहात फिरवला. "पण सातच आहे ना तो," एवढंच म्हणाले. वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि त्यानंतर कधी माझ्या वहीला हात लावला नाही. मी त्याच रात्री साताचा पट्टा सोडला. तेव्हापासून माझा सात इथला आहे.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, कोरिनलाही नाही. एकोणसत्तरच्या जूनमध्ये शाळा संपली आणि ताताच्याच ओळखीने मला कारखान्याच्या आवारात उन्हाळ्यापुरतं काम मिळालं. तयार गाड्या रांगेत उभ्या असत. रवाना होण्याआधी त्यांच्या काचांवर राहिलेल्या तपासनिसांच्या खुणा पुसायच्या. दिवसभर फडकं. आम्ही पाच पोरं होतो. एका दुपारी आर्डेन नावाचा एक लांबोडका पोरगा काचेवरच्या सत्तेचाळीसकडे बोट दाखवून म्हणाला, हा कोण रे साताला पट्टा बांधतो, त्याच्या साताची विजार घसरते काय. सगळे हसले. मीही हसलो. तो मला म्हणाला, तू ओळखतोस का याला? मी म्हणालो, "असेल कुणी निर्वासित म्हातारा. यांना इथलं लिहिता येत नाही." आणि फडक्याने तो आकडा पुसून टाकला, खाली एकही डाग राहू दिला नाही. मागे वळलो तर गाड्यांच्या दोन रांगांमधून ताता जेवणाचा डबा हातात घेऊन चालत जाताना दिसले. पाठमोरे. ते माझ्याकडे येऊन परत फिरले होते, की सहजच तिथून चालले होते, हे मला कळलं नाही. संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे एकाच गाडीतून घरी आलो. ते गप्प होते, पण ते गप्पच असत. चोपन्न वर्षं मी स्वतःला समजावत आलो आहे की त्यांनी ऐकलं नाही. आवारात आवाज फार असतो, त्यांना एका कानाने कमी यायचं, इंग्रजी भराभर बोललं की त्यांच्या डोक्यावरून जायचं. कारणांचा माझ्याकडे तोटा नाही. आणि एवढं सगळं पुसूनही त्यांचा एक सात इंजिनाच्या मागे दडून राहिला होता, जिथे आवारातल्या पोरांचं फडकं पोचत नव्हतं. तो गाडीत बसून ओहायोला गेला, कोंबड्यांखाली झोपला, पन्नास वर्षांनी शोधत माझ्या दारात आला, आणि मी त्याचा फोटो काढून त्याला पुसून टाकला. शनिवारी इंजिन बसवायचं ठरलं होतं. उसनी क्रेन चार वाजता येणार होती. एकदा इंजिन आत गेलं की माझ्या हयातीत ती जागा पुन्हा उघडी होणार नव्हती. शनिवारच्या आत मला तो आकडा परत त्या जागी हवा होता.

लेम्युएल प्युरिफॉय पलीकडच्या गल्लीत राहतो. अलाबामातून आईचं बोट धरून आला, बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात रंग मारला, आता ऐंशीचा आहे आणि माझ्या गाडीचा रंग त्याचाच. गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा मी पुठ्ठ्यांवर सत्तेचाळीस गिरवत बसलो होतो. गॅरेजभर पुठ्ठे पसरले होते.

"काय रे, पुन्हा पहिलीत नाव घातलंस का?" तो म्हणाला. "पाटी घ्यायचीस ना, पुठ्ठे कशाला नासतोस."

मी त्याला फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि लगेच म्हणाला, हा तर झिग्गी. कारखान्यात सगळे ताताला झिग्गी म्हणत. मग मी दुसरा फोटो दाखवला, दहा तेवीसचा. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. चिडवायला एवढी चांगली संधी त्याने आजवर सोडली नव्हती; ती सोडली तेव्हा मला माझी दशा कळली. त्याने एक पुठ्ठा उचलला. तो म्हणाला की आकडा हुबेहूब आहे, पण मेलेला आहे. जुन्या गाड्या प्रदर्शनात मांडणारे लोक छापे विकत आणून असल्याच खुणा उठवतात. मी त्याला सांगितलं की काल रात्रीपासून शंभर वेळा लिहून झालं, पट्टा मधोमध येतो, सरळ येतो, आणि ताताचा तसा नाही. त्यांचा पट्टा उजवीकडे घसरलेला आहे, शेवटी जरासा लांबलेला, हात कापत असल्यासारखा. लहानपणी मला वाटायचं की ते गबाळे आहेत.

"हात कशाला कापेल?" लेम्युएल म्हणाला. "गाडी चालली होती, लेन. तू बसून लिहितोयस. त्याने कधी उभ्या गाडीवर लिहिलं नाही. अकरा पावलं चालायचा प्रत्येक बॉडीबरोबर, अकराव्या पावलाला नंबर टाकायचा, की मागे वळून पुढची. शेवटची रेघ मारेपर्यंत गाडी त्याच्या हातून निघालेली असायची."

मग आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी जे केलं ते कुणी पाहिलं नाही हे बरं. गाडीखाली सरपटायला चाकांची एक फळी असते. तिच्यावर त्याने एक पुठ्ठा उभा धरला आणि फळी गॅरेजच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पायाने ढकलत नेली, आणि मी वाकून तिच्याबरोबर पावलं मोजत चाललो आणि लिहिलं. आठव्या खेपेला पट्टा घसरला. नवव्या खेपेला त्याचं शेपूट लांबलं. लेम्युएल थांबला. पुठ्ठा मी फोटोशेजारी धरला. आयुष्यभर ज्याला मी थरथर समजलो ती थरथर नव्हती. समोरचं निघून चाललेलं असताना माणूस घाईघाईने जेवढं लिहू शकतो तेवढं त्यांनी लिहिलं होतं, दर मिनिटाला एकदा, एकोणतीस वर्षं. मी लेम्युएलला म्हणालो की जमलं. तो पुठ्ठ्याकडे बघतच होता. नशीब म्हणून मे महिन्यातली गाडी मिळाली तुला, असं काहीतरी तो पुटपुटला. पत्र्यावर ठोकलेल्या पट्टीवर महिना असतो. ही मेच्या तिसऱ्या आठवड्यातली. मी विचारलं, मे महिन्याचा काय संबंध?

"उन्हाळ्यानंतर त्याने पट्टा सोडला ना," लेम्युएल म्हणाला. त्याचं लक्ष फळीच्या चाकात अडकलेली दोरी सोडवण्यात होतं. "एक दिवस बघतो तर झिग्गीचा सात नागडा. आम्ही सगळ्यांनी चिडवलं, काय झिग्गी, पट्टा गहाण टाकलास का. तो म्हणाला, माझा मुलगा म्हणतो इथे असं लिहीत नाहीत. आणि हसला. शाळेत हुशार आहे माझा मुलगा, म्हणाला."

मी कॉफी आणायला घरात गेलो. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा राहिलो. नळ सोडला होता का, मी सोडला असेल, कारण पाणी वाहत होतं. माझ्या डोक्यात फक्त एक हिशेब चालला होता आणि तो बंद होत नव्हता. एकोणसत्तर ते अठ्ठ्याहत्तर, नऊ वर्षं, मिनिटाला एक. दर मिनिटाला ते तिरपी रेघ खाली आणत असतील, आणि हात सवयीने पट्ट्याकडे वळत असेल, आणि ते त्याला आवरत असतील. पन्नाशीतल्या माणसाने हाताची सवय मोडायची म्हणजे काय असतं? आणि एवढं करून त्यांनी तिथल्या लोकांना सांगितलं काय, तर मुलगा हुशार आहे. त्यांनी माझ्यावर एकदा ओरडायला हवं होतं. घरात, टेबलावर हात आपटून, स्टाशासमोर. म्हणजे मी एकदा माफी मागून मोकळा झालो असतो. मी कॉफी घेऊन बाहेर आलो तेव्हा लेम्युएलने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, कप हातातून घेताना एक क्षण माझं मनगट धरलं.

शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. इंजिन निळ्या रंगात स्टँडवर तयार होतं, पुढची दोन्ही मडगार्डं भिंतीला टांगलेली, त्यामुळे तो मधला पत्रा बाजूने पूर्ण उघडा होता; कारखान्यात ताताच्या समोर यायचा तसाच. पत्र्याचा काळा रंग इतका चकचकीत की त्यात माझी टोपी दिसत होती. गॅरेजच्या आतूनच रस्त्यापर्यंत आमच्या दारात बेताचा उतार आहे. लेम्युएल ब्रेकवर पाय ठेवून आत बसला. मी कानामागचा पिवळा मेणखडू काढला. शुक्रवारभर सराव केला होता, अकरा पावलं गॅरेजच्या फरशीवर खडूने आखली होती. पट्टा मला हवा होता. मे महिन्यातला, मी तोंड उघडण्याच्या आधीचा तो माणूस मला एकदा परत हवा होता, मग त्याला इंजिनाने झाकलं तरी चालेल.

"सोडतोय," लेम्युएल म्हणाला.

गाडी हलली. मी बरोबर चालू लागलो. पत्र्याचा गार वास, नव्या रबराचा वास, लेम्युएलच्या पायाखाली ब्रेकची बारीक कुरकुर. आठव्या पावलापर्यंत मी पत्र्याकडे पाहत होतो, पण मला ताताचा पाठमोरा कोट दिसत होता, डबा डाव्या हातात. दहाव्या पावलाला खडू टेकवला. चार उघड्या तोंडाचा आला. साताची आडवी आली, तिरपी आली, सुरेख आली. आणि गॅरेजची फरशी जिथे संपते तिथला बोटभर उंबरठा पुढच्या चाकाने उतरला. धप्प झालं. माझा हात पट्ट्यासाठी पुढे गेला तेव्हा तिथे पत्रा नव्हता. पट्टा हवेतच ओढला गेला. एवढा सराव केला आणि उंबरठा काही मोजला नव्हता.

लेम्युएलने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि कण्हत उतरला. आम्ही दोघे समोर उभे राहिलो. काळ्या पत्र्यावर पिवळा सत्तेचाळीस, ताजा, जरा तिरका, जिवंत. सात नागडा.

"पट्टा राहिला," लेम्युएल म्हणाला. त्याने मागच्या खिशातून फडकं काढलं, थिनरच्या डब्यात बुडवलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं. "पूस. गाडी मागे घेऊ आणि परत करू. चार वाजायला तास आहे."

फडकं गार होतं आणि त्याचा वास मला माझ्या स्वतःच्या अंगाच्या वासाइतका ओळखीचा. मी ते पत्र्याजवळ नेलं. माझा हात पुसायला कधी कचरलेला नाही. पण त्या सातासमोर तो थांबला, कारण हा सात माझ्या ओळखीचा होता. चौथीपासून मी असाच लिहितो. आणि त्या उन्हाळ्यानंतर तातानेही असाच लिहिला, नऊ वर्षं, माझ्याकडून शिकून. मला त्यांचा जुना सात हवा होता. माझ्या हातून तो यायचा नव्हता. माझ्या हातून हाच आला, मी त्यांना दिलेला. यातला किती भाग त्यांचा आणि किती माझा हे मला सांगता येईना.

"नाहीतर वरून ओढ नुसता पट्टा," लेम्युएल हळूच म्हणाला. "गाडी उभी आहे, सावकाश ओढ. कुणी बघणार नाही."

"राहू दे," मी म्हणालो. "हाही त्यांचाच आहे."

त्याने थिनरच्या डब्याला झाकण लावलं. चोपन्न वर्षांपूर्वी मी आवारात काहीतरी बोललो होतो हे त्याला तेव्हा उमगलं की गुरुवारीच उमगलं होतं, मी विचारलं नाही. मी फडकं घडी करून डब्यावर ठेवलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडलो, ऐंशीच्या माणसासमोर, भर दुपारी, दारात. लेम्युएल दुसरीकडे बघत उभा राहिला आणि रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याला त्याने हात करून वाटेला लावलं.

क्रेन चारला आली. इंजिन साखळीवर लोंबत, हळूहळू गिरकी घेत खाली उतरलं. मी वायरींचं जुडगं एका हाताने बाजूला धरून पत्र्याशी ओणवा उभा होतो, आणि निळं लोखंड वरून खाली येताना आधी चार झाकला गेला, मग साताची आडवी, मग तिरपी. शेवटी फटीतून पिवळ्याचं एक टोक तेवढं दिसत राहिलं, मग तेही गेलं. लेम्युएल पलीकडून साखळी सोडत होता. मध्येच तो थांबला.

"अरे लेन, फोटो काढलास का रे?"

"नाही," मी म्हणालो. "या खेपेला आकडाच बघितला."